डबा वाटून खाल्लेली मैत्रीण

प्रिय ताई,

मी २८ वर्षांची आहे. लॉ सोलापुरात केलं, वकिलीची सनद घेतल्यावर मुंबईला आले आणि गेली चार वर्षं फोर्टमधल्या एका सिनिअर वकिलांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर आहे. सर फार हुशार आहेत, कोर्टात उभे राहिले की ऐकत राहावंसं वाटतं. चेंबरमध्ये मात्र फाईल भिरकावणं, क्लायंटसमोर 'तुला सनद दिली कोणी?' म्हणणं, रात्री साडेअकराला फोन करून सकाळी दहाच्या आत नवा ड्राफ्ट मागणं हे रोजचं आहे. एकदा माझ्या कपड्यांवरूनही बोलले. महिन्याला १५,००० देतात, कधी पाच तारखेला, कधी वीस.

हे सगळं निभावलं ते एका मैत्रिणीमुळे. आम्ही दोघी एकाच महिन्यात चेंबरला लागलो. ती मुंबईची, इंटर्नशिप केलेली. मला तर कम्पायलेशनला, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्याला, पानांचे नंबर कसे टाकतात तेही येत नव्हतं, ते तिने पहिल्या आठवड्यात शेजारी बसून शिकवलं. डबा एकत्र, परतीची लोकल एकत्र, सरांच्या नावाने रडणंही एकत्र. दिवाळीनंतर मी दुसऱ्या एका ऑफिसात भेटून आले. फक्त तिला सांगितलं होतं. आठ दिवसांत सरांना कळलं. सगळ्यांसमोर मला नमकहराम म्हणाले. दोन वर्षं जो मॅटर, म्हणजे खटला, मी सांभाळला त्याच्या फायनल हिअरिंगला सरांच्या मागे ती उभी राहिली. ती काही बोललेली नाही, मीही विचारलेलं नाही. रोज शेजारच्या खुर्चीत बसतो.

गेल्या आठवड्यात नव्या मुलाने कम्पायलेशनचे नंबर चुकवले. मी त्याच्यावर ओरडले, 'तुला सनद दिली कोणी?' तोंडातून गेल्यावर कळलं, हे शब्द कुणाचे आहेत ते. तो मान खाली घालून पुन्हा नंबर टाकत बसला.

तिची मैत्री खोटी होती का? मी चेंबर सोडू का? सोडलं तर बारमध्ये, वकीलमंडळींत, माझं नाव खराब होईल का?

एक ज्युनिअर, फोर्ट

---

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी तुझ्यापेक्षा तुझ्या मैत्रिणीपाशीच जास्त रेंगाळले, कारण तिच्या जागी एकदा मी होते.

१९९१ साल. एका जिल्ह्याच्या गावी मी आणि आणखी एक मुलगी अशा दोघी एकाच वकिलांकडे ज्युनिअर होतो. तिला स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करायची होती. एका पतसंस्थेची वसुलीची कामं तिला मिळायच्या बेतात होती आणि हे तिने मला कोर्टाच्या आवारातल्या कँटीनमध्ये, शपथ घालून सांगितलं होतं. आमच्या सिनिअरांनी मला धमकावलं नाही, आमिषही दाखवलं नाही. संध्याकाळी पक्षकार गेल्यावर मला थांबवून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, 'तिचं घरी काही बिनसलंय का गं? लक्ष नसतं हल्ली. तू जवळची, तुला ठाऊक असेल. काळजी वाटते.' वर्षभरात ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात पहिल्यांदाच बोलत होते. मी सांगून टाकलं. सांगताना मला खरंच वाटत होतं की मी तिची बाजू मांडते आहे. पंधरा दिवसांत तिच्याकडे कागद येणं बंद झालं, आणि पतसंस्थेचं कामही गेलं.

मी तिला काही बोलले नाही. तिला कळलं नसावं असं धरून चालले, कारण तसं धरणं सोयीचं होतं. वर्षाच्या आत तिने गाव सोडलं. अकरा वर्षांनी एका लोकअदालतीत समोरासमोर आलो. ती म्हणाली, 'मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत होते.'

तिला माफ कर असा सल्ला मी देणार नाही. ते तुझं तू ठरव. पण मैत्री खोटी होती का, या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या बाजूने ठाऊक आहे. माझी खोटी नव्हती. ती आजारी पडली तेव्हा मी तिच्या तारखा सांभाळल्या होत्या, तेही खरं, आणि त्या चहाच्या कपाशी मी तिला विकलं, तेही खरं. जिथे दिवसभर ओरडाच ऐकू येतो तिथे एक गोड शब्द फार महाग होतो, आणि त्याची किंमत म्हणून माणूस जवळ असेल ते देऊन टाकतो. माझ्याजवळ तिचं गुपित होतं.

तुझ्या मैत्रिणीशी सर कसे बोलले असतील, मला माहीत नाही. पण मॅटर तिला मिळाला म्हणून तिने तो मागितला असेल, असं गृहीत धरू नकोस. कधी कधी सिनिअर मुद्दाम तसं करतात. एकीचा मॅटर दुसरीला दिला की दोघी एकमेकींकडे बघत बसतात आणि फाईल भिरकावणाऱ्या हाताकडे बघायला कोणी उरत नाही.

चेंबरमध्ये हे इतकं सहज घडतं, त्यामागचं कारण तू एकदा नीट समजून घे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून आपल्याकडे ज्युनिअर नोकर नसतो आणि त्याला नेमणुकीचं पत्र नसतं. ठरलेल्या रजा नाहीत, भविष्य निर्वाह निधी नाही, तक्रार घेऊन जायला वरचा साहेब नाही. कागदावर तू स्वतंत्र वकील आहेस, तुझ्या सरांइतकीच. प्रत्यक्षात तुझं सगळं एका माणसाच्या मर्जीवर: कुठला कागद वाचायला मिळेल, क्लायंटच्या कॉन्फरन्सला बसता येईल का, कोर्टात कोण मागे उभं राहील. उच्च न्यायालयाच्या ऑर्डरमध्ये सिनिअरच्या नावापुढे 'अलाँग विथ' म्हणून ज्युनिअरचं नाव छापून येतं. बाहेरच्यांना ती अर्धी ओळ वाटते. आपल्याला तेवढीच कमाई असते. दोन वर्षं राबून ती अर्धी ओळ दुसरीच्या नावावर गेलेली बघणं काय असतं, ते मला तू न सांगताही कळलं.

आणि मर्जीवर चालणाऱ्या ठिकाणी मर्जी विकत घ्यायला एकच गोष्ट प्रत्येक ज्युनिअरकडे असते: दुसऱ्याची बातमी. म्हणून तुम्हा दोघींची मैत्री जितकी घट्ट, तितकी सरांच्या दृष्टीने तुमच्यातली प्रत्येकजण उपयोगी.

असं तुझ्याच चेंबरमध्ये आहे असं समजू नकोस. २०१९ साली इंटरनॅशनल बार असोसिएशनने १३५ देशांतल्या जवळपास ७,००० वकिलांना आणि वकिली व्यवसायातल्या लोकांना विचारलं होतं. दर दोन बायकांमागे एकीने आणि दर तीन पुरुषांमागे एकाने सांगितलं की कामाच्या जागी आपल्याला धाकदपटशा, अपमान, छळ सोसावा लागला आहे. त्यातल्या ५७ टक्के प्रकरणांत कोणी तक्रारच केली नव्हती. दुसऱ्यांच्या अन्यायावर पोटतिडकीने युक्तिवाद करणारी ही माणसं. त्यांनी स्वतःवरचा अन्याय गिळला, कारण तक्रार ज्याच्याकडे करायची आणि ज्याच्याविरुद्ध करायची, तो बहुतेक वेळा एकाच बारमध्ये, एकाच टेबलाशी बसलेला असतो.

'आम्हीही असेच शिकलो' हे वाक्य तू ऐकलं असशील. ते ऐकून घेऊ नकोस. सरांची उलटतपासणी, सरांचं वाचन, समोरच्या वकिलाच्या एका वाक्यातून मुद्दा उचलण्याची त्यांची सवय, हे तू शिकलीस आणि त्याबद्दल ऋणी राहा. फाईल भिरकावण्यातून कोणी काहीही शिकलेलं मी ३५ वर्षांत पाहिलेलं नाही. ओरडा खाणारा ज्युनिअर एकच गोष्ट शिकतो, चूक लपवायची. आणि वकिलाकडे लपलेली चूक शेवटी पक्षकाराला भोवते. मुदत उलटून गेलेलं अपील, सादर करायचा राहून गेलेला दस्तऐवज, यांच्यामागे किती वेळा 'सरांना सांगायची हिंमत झाली नाही' एवढंच निघतं.

एक वाक्य तू फार घाईत लिहून पुढे गेलीस. 'एकदा माझ्या कपड्यांवरूनही बोलले.' मी तिथे थांबते. काय बोलले ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून मी त्याला नाव देत नाही. पण ते लैंगिक अर्थाचं असेल, तर त्याला चेंबरच्या शिस्तीत मोजायचं कारण नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या शब्दात शिकाऊ, तात्पुरती, बिनपगारी काम करणारी स्त्रीसुद्धा येते. ऑफिसात दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमायलाच हवी, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३. बार कौन्सिलकडे मात्र या कायद्याखाली जाता येणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकराचं नातं नाही, त्यामुळे वकिलांच्या आपसातल्या तक्रारींसाठी कौन्सिलने अशी समिती नेमावी असं या कायद्यात येत नाही. तिथे वकील कायद्याच्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते. मला स्वतःला हे अपुरं वाटतं, फार अपुरं. पण आज दार कुठलं उघडं आहे ते तुला ठाऊक असावं. जे झालं ते तारखेसकट आजच लिहून ठेव, मग तू तक्रार कर किंवा नको करूस.

पैशांचं थोडक्यात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मुंबईत तुला गावाकडचा आकडा मिळतो आहे, तोही सरांच्या सवडीने. पुढच्या ठिकाणी बोलणी करताना हे परिपत्रक तुझ्या डोक्यात असू दे.

हो, पुढच्या ठिकाणी. चेंबर सोड. यात मला शंका नाही. चार वर्षं पुरे झाली, आणि तुझ्या तोंडून सरांचे शब्द बाहेर यायला लागलेत. माझ्या मते सोडायला तेवढं एक कारण पुरेसं आहे. पण उद्या उठून जाऊ नकोस. उच्च न्यायालयाला मे महिन्यात सुट्टी लागते, बोर्ड, म्हणजे रोजच्या खटल्यांची यादी, हलका होतो, तेव्हा निघणं कोणाला खुपत नाही. तोपर्यंत तुझ्याकडच्या प्रत्येक मॅटरची यादी कर. पुढची तारीख काय, काय दाखल व्हायचं राहिलंय, कोर्टाच्या ऑफिसने काढलेलं कुठलं ऑब्जेक्शन दूर करायचं आहे. ज्या वकीलपत्रांवर तुझी सही आहे त्यांची वेगळी यादी, कारण चेंबर सोडलंस तरी कोर्टाच्या लेखी तू त्या मॅटरमध्ये वकील राहतेस, आणि त्यातून बाहेर पडायचं तर रीतसर पडावं लागतं. ही यादी सरांना दोन ओळींच्या ईमेलसोबत पाठव. आभार मान, कारणं देऊ नकोस. उद्या कोणी म्हटलं की हिने काम अर्धवट टाकलं, तर ते ईमेल तुझ्यासाठी बोलेल.

चेंबर बदलायला जुन्या सिनिअरचं नाहरकतपत्र लागतं असं तुला कोणीतरी सांगेल. लागत नाही. संमती लागते ती दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र असलेल्या मॅटरमध्ये उभं राहायचं असेल तेव्हा. म्हणून सरांच्या क्लायंटला हात लावू नकोस, तो स्वतः फोन करून आला तरी आधी रीत पाळ. आणि एक काळजी घे. सरांच्या ओरडण्याचे मेसेज जपून ठेव, पण त्या नादात पक्षकारांचे कागद स्वतःच्या मोबाईलमध्ये घेऊन जाऊ नकोस. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी फोडता येत नाहीत, आधी पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि काम संपलं तरी ते बंधन संपत नाही. तुझी सनद आणि मूळ प्रमाणपत्रं चेंबरच्या कपाटात असतील तर ती मात्र आजच घरी आण.

नाव खराब होईल का? सर चार ठिकाणी बोलतील, हे धरून चाल. पण त्यांना ओळखणारे लोक त्यांचा आवाजही ओळखतात. बारमधली माणसं ज्युनिअरला ऐकीव गोष्टींवर कमी आणि पाहण्यावर जास्त तोलतात: मॅटर पुकारल्यावर ही मुलगी जागेवर असते का, हिने लावलेला कागदांचा गठ्ठा वाचता येतो का, समोरच्याला कॉपी वेळेवर देते का. चार वर्षं तू हे करत आलीस. फायलिंगच्या खिडकीवरच्या लोकांना, कोर्टातल्या कारकुनांना, दुसऱ्या बाजूच्या ज्युनिअरांना ते दिसलेलं आहे. तुझ्याकडे फोर्टशिवायही जागा आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर त्याच्याच हद्दीत येतं. चार वर्षं मुंबईत मॅटर सांभाळलेल्या मुलीला तिथे काम मिळायला अडचण पडू नये. घरी परत जाणं म्हणजे हरणं, असं मनात आणू नकोस. अर्थात मुंबईत राहावंसं वाटत असेल तर मुंबईतच राहा.

आता पुन्हा मैत्रिणीकडे येते. तिला विचार. चेंबरमध्ये नाही, परतीच्या लोकलमध्येही नाही, तिथे निम्मी बार उभी असते. रविवारी कुठेतरी भेट. 'का केलंस' असं विचारू नकोस, त्यावर माणूस फक्त बचाव करतो, आपण दोघीही वकील आहोत. 'सरांनी तुला कसं विचारलं?' असं विचार. मला १९९१ मध्ये कोणी असं विचारलं असतं तर मी रडून सगळं सांगितलं असतं. तिने सांगितलं तर ऐक. उडवून लावलं तर तेही कळेल, आणि मग शेजारच्या खुर्चीत बसणं तितकं जड जाणार नाही. ती कदाचित म्हणेल की तिने सांगितलंच नाही. ते खरंही असेल. तू ज्या ऑफिसात भेटायला गेलीस तिथल्या माणसाने सरांना फोन केला नसेल कशावरून? हे तू अजून तपासलेलंच नाहीस. सगळ्यात आधी संशय जवळच्या माणसावर जातो, हेही त्या चेंबरने तुला शिकवलेलं आहे.

एका गोष्टीचा मात्र विचार कर. पत्रात तू लिहिलंस, सरांच्या नावाने रडणंही एकत्र. तुम्ही दोघी एकमेकींबरोबर सरांखेरीज दुसरं काय बोलत होता? आमच्या त्या चेंबरमध्ये आम्ही सिनिअरांचंच उणंदुणं काढत असू, तास न् तास. त्यामुळे दिवस ढकलता यायचा. पण त्या बोलण्यातून दोघींपैकी एकीलाही बाहेर पडायचा रस्ता सुचला नाही, आणि जिला सुचला ती ज्या क्षणी बाहेर बघायला लागली त्या क्षणी दुसरी मागे राहण्याच्या भीतीने गोठली. माझ्या बाबतीत खोल कुठेतरी तेही होतं. ती गेली तर मी एकटी पडले असते.

चेंबरच्या बाहेरची माणसं जोड. मला या व्यवसायात टिकवलं ते समोरच्या बाजूच्या ज्युनिअरांनी. तू तळमजल्यावरच्या कोर्टात अडकली आहेस आणि वर तुझा मॅटर पुकारला जातोय. अशा वेळी जी उठून 'मिलॉर्ड, मॅटर थोडा मागे ठेवावा, विद्वान मैत्रीण दुसऱ्या कोर्टात आहे' म्हणते, तिच्यापाशी तुझं काही गुपित नसतं आणि तिला तुझ्या सरांकडून काही मिळवायचं नसतं. आज ती तुझ्यासाठी उभी राहील, परवा तू तिच्यासाठी. अशा चार जणी असल्या की एका चेंबरच्या मर्जीवर श्वास अवलंबून राहत नाही. लायब्ररीत दुपारी जाऊन बस, डबा कधी कधी तिथल्या लोकांबरोबर खा.

हे सगळं सावकाश झालं तरी चालेल, मेपर्यंत वेळ आहे. त्या नव्या मुलाचं मात्र थांबवू नकोस. सोमवारी सकाळी, बाकीचे यायच्या आधी, त्याला सांग: 'त्या दिवशी मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. मला माफ कर.' सर मला असंच बोलतात, हे त्याला सांगू नकोस, ते त्याला दिसतंच आहे. आणि पुढचं कम्पायलेशन आलं की शेजारी खुर्ची ओढून बस आणि नंबर कसे टाकायचे ते दाखव, पहिल्या आठवड्यात तुला कोणीतरी दाखवले होते तसे.

तुझी,
ताई